डबल सायलेन्सरची हौस आणि पंधरा वर्षांची स्विफ्ट

13 फेब्रुवारी 2024, मंगळवार. सकाळची पाळी गाठायला निघालो होतो. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या बोगद्यात शिरलो आणि मागून ट्रॅक्टर येतोय असं वाटलं. आरशात बघितलं तर मागे एक स्कूटी. बोगदा संपला तसा ट्रॅक्टरही संपला. अंबडला कंपनीच्या गेटवर वॉचमनकाका म्हणाले, ‘‘साहेब, सायलेन्सर फुटला वाटतं.’’ तेव्हा कळलं, ट्रॅक्टर आपलाच.

गाडी 2009 ची स्विफ्ट, 1.3 पेट्रोल, कागदावर 87 हॉर्सपॉवर. 2018 मध्ये सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने 15 इंची अलॉय, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि फ्री-फ्लो एअर फिल्टर टाकलेला होता. मूळच्या स्प्रिंगा त्याने गोणीत बांधून सोबत दिल्या होत्या. ती गोणी मी सहा वर्षं गच्चीवर ठेवली आणि बायकोची बोलणी खाल्ली. पुढे तीच कामाला आली.

आरसी काढून बघितली. नोंदणीची मुदत 14 ऑगस्ट 2024. म्हणजे सहा महिन्यांत सायलेन्सर बदलायचा, पुनर्नोंदणी करायची आणि या दोन गोष्टींचं एकमेकींशी भांडण होऊ द्यायचं नाही. तेव्हा मला यातलं फक्त पहिलं काम दिसत होतं.

रविवारी गाडी पिटवर घेतली. मिस्त्रींनी मागच्या डब्याला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला. ‘‘बाहेरून नाही कुजला भाऊ, आतून कुजलाय.’’ कारण माझंच रोजचं पाच किलोमीटरचं येणं-जाणं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. गाडी लांब पळाली तर सायलेन्सर तापून ते पाणी उडून जातं. पाच किलोमीटरमध्ये मागचा डबा कोमटसुद्धा होत नाही, पाणी आतच साचतं आणि पत्रा खातं. तुमचंही रोजचं अंतर इतकंच असेल, तर पंधरवड्यातून एकदा गाडी घोटीपर्यंत तरी नेऊन आणा.

आता चौकशी. कंपनीचा मागचा डबा 3,900 आणि मजुरी वेगळी. इथेच विषय संपायला हवा होता. पण रविवारी सकाळी सोमेश्वरच्या अलीकडे गंगापूर रोडच्या टपरीवर आम्ही सात-आठ गाडीवेडे जमतो. तिथे विषय काढला आणि एकमत झालं, ‘‘आता करतोयस तर डबल कर.’’ बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक चकचकीत तोंड. एकाने मोबाइलवर फोटोही दाखवले. मागून गाडी रुंद दिसते, दणकट वाटते. खरं सांगायचं तर मी तिथेच पाघळलो होतो. नंतरचे दोन महिने फक्त त्या पाघळण्याला तांत्रिक कारणं शोधली.

मार्चमध्ये तीन ठिकाणी भाव काढले. वडाळा नाक्याकडच्या एकाने डबलचे 22,500 सांगितले, पाईप 304 ग्रेडच्या स्टेनलेसचा. दुसरा 14,000 मध्ये करायला तयार होता. वर ‘‘कॅट काढून टाकू, गाडी सुटते, त्याचे पैसे घेणार नाही’’ अशी उदारता. कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं साफ करणारा डबा. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो. फुकट काढून देणारा माणूस तो डबा स्वतःकडेच ठेवून घेणार, हे लक्षात घ्या. काढणं बेकायदा आहे ते वेगळंच. मी तिथून निघालो. तिसरे सातपूरचे मिस्त्री. वय साठीच्या पुढे, बोलणं कमी, हात साफ. त्यांनी 21,000 सांगितले आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘भाऊ, डबल कशाला?’’

मी म्हणालो, ‘‘पॉवर वाढते ना?’’

ते हसले आणि पाईप घासायला लागले.

हाच प्रश्न मामांनी जास्त स्पष्ट करून सांगितला. मामा सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आयुष्य लेथवर गेलेलं. ‘‘हे बघ, टाकीतून अर्धा इंची पाईप खाली येतो. त्याला तू एक तोटी लाव नाहीतर दोन. बादली लवकर भरणार आहे का?’’

चार सिलिंडर एका ओळीत असलेल्या इंजिनाला एकच मॅनिफोल्ड असतो, चारही सिलिंडरचा धूर त्यातून एकाच पाईपात येतो. व्ही-सिक्स किंवा व्ही-एट इंजिनाला सिलिंडरच्या दोन रांगा, दोन मॅनिफोल्ड. तिथे दोन स्वतंत्र पाईप इंजिनापासून मागेपर्यंत जातात आणि मध्ये एक्स किंवा एचच्या आकाराचा जोड देऊन दोन्हींतला दाब सारखा करतात. तो खरा डबल. आमच्यासारख्या गाडीत ‘डबल’ म्हणजे एकच पाईप मागच्या ॲक्सलच्या आसपास वायच्या आकारात फोडायचा. पुढचा पाईप जेवढ्या मापाचा, तेवढाच धूर. शिवाय धूर मागे जाता जाता थंड होतो, म्हणजे आकसतो. म्हणजे मागच्या टोकाला उलट कमीच जागा लागते. मोटारींच्या रॅलीचं वेड नाशिकला जुनं आहे, रॅली ऑफ महाराष्ट्र आपल्याच आसपासच्या मातीत धावते. तिथल्या जिप्सी, सीडिया, पोलो आठवून बघा. मागे एकच तोंड.

माझं काम मोजमापाचं, खिशात व्हर्निअर असतो. कंपनीचा पाईप बाहेरून 42 मिमी, पत्रा दीड मिमी, म्हणजे आतून 39. छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 1,195 चौरस मिमी. मिस्त्री सुचवत होते तो 48 मिमीचा एक पाईप आतून 45, म्हणजे 1,590. नुसता पाईप सहा मिमी वाढवला की जागा एक तृतीयांशाने वाढते. 42 चे दोन लावले तर 2,390. ऐकायला भारी, पण जागा इतकी वाढली की धुराचा वेग मंदावतो. सिलिंडरमधून सुटलेला एकेक झोत वेगाने पुढे गेला तर त्याच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि ती पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घेते. वेग गेला की ही ओढ जाते आणि खालच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या कमी असताना) गाडी सुस्तावते. टपरीवर याला ‘बॅक प्रेशर लागतं’ असं म्हणतात. प्रेशर कशालाच लागत नाही, लागतो तो वेग.

इतकं सगळं कळून मी डबलच केला. माणूस असाच असतो म्हणा, किंवा मी असा आहे म्हणा.

9 एप्रिलला पाडवा होता. मिस्त्रींना 10,000 आगाऊ दिले. पाईप आणायला त्यांच्याबरोबर गेलो आणि तिथे एक गोष्ट शिकलो. स्टेनलेस ओळखायला लोक लोहचुंबक लावतात. चिकटला नाही की 304, असं समजतात. पण 202 ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि ते 304 पेक्षा बरंच स्वस्त असतं, गंजतंही लवकर. उलट कंपन्या सायलेन्सरला वापरतात त्या 409 ला चुंबक मस्त चिकटतो. तेव्हा चुंबकावर विसंबू नका, बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि पाईपवर छापलेला शिक्का वाचा. वाकवलेला पाईपही बघून घ्या. बाकाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडल्या असतील, तर तिथे आतली जागा दबली आहे.

27 एप्रिल, शनिवार. सकाळी दहाला गाडी रॅम्पवर. मिस्त्रींनी आधी बॅटरीची वायर काढली. वेल्डिंगचा करंट गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये जाऊ नये म्हणून. तुमच्या मिस्त्रीने हे केलं नाही तर तुम्ही आठवण करा, लाजू नका. मग पाईप जागेवर धरून टाके मारले, उतरवून आर्गॉन वेल्डिंगने पक्के केले. उजव्या बाजूला डब्यासाठी जागा करता आली. डावीकडे मात्र काहीच सोय नव्हती. मध्ये स्टेपनीचा खड्डा, पुढे पेट्रोलची टाकी. दुसरा पाईप त्या खड्ड्याच्या खालून आडवा न्यावा लागला. पेट्रोलच्या नळीपासून सायलेन्सरचा पाईप किमान 35 मिमी लांब हवा, हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 113 वा नियम. मी व्हर्निअर लावून तीन ठिकाणी मोजलं, कमीत कमी 52 आलं. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. बंपरला दुसरी खाच पाडायचे 800 वेगळे. संध्याकाळी सात वाजता गाडी चालू केली. गल्लीतली दोन पोरं टाळ्या वाजवत आली. त्या क्षणी 21,800 रुपये अगदी वसूल वाटले.

ते समाधान साधारण पाथर्डी फाट्यापर्यंत टिकलं.

महामार्गावर पाचवा गिअर टाकला, ताशी 75-80, काटा 2,400 वर, आणि गाडीच्या आत एक घुमारा सुरू झाला. बाहेर नाही, आत. कानावर हात ठेवले तरी छातीत वाजावं असा. त्याचंही गणित आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट. 2,400 आरपीएम म्हणजे सेकंदाला 40 फेऱ्या, 80 स्फोट. 80 हर्ट्झ. गाडीच्या आतली रिकामी जागा नेमकी याच सुरात घुमते. तीन-साडेतीन हजारांवर घुमारा जातो, दीड हजारावर नसतो, पण आपण महामार्गावर चालतो ते नेमकं याच पट्ट्यात.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळे इगतपुरीला निघालो. वाडीवऱ्हे यायच्या आत मागच्या सीटवरून विचारणा झाली, ‘‘अहो, ही गाडी आहे का पिठाची गिरणी?’’ मुलगी एरवी गाडीत बसल्या बसल्या झोपते, ती टक्क जागी. घोटीला चहाला थांबलो तेव्हा माझंही डोकं ठणकत होतं, पण मी कबूल केलं नाही. घोटीच्या पुढे एका गतिरोधकावर खालून खर्रकन आवाज आला. स्टेपनीखालचा आडवा पाईप. कंपनीची स्विफ्ट जमिनीपासून 170 मिमी उंच. खालच्या स्प्रिंगांनी ती 140 वर आली होती. आडव्या पाईपने त्यातले आणखी 25 खाल्ले. चार माणसं बसल्यावर काय उरलं असेल ते तो गतिरोधकच जाणे.

घुमाऱ्यावर उपाय असतो. मुख्य पाईपला एक बंद तोंडाचा आडपाईप जोडायचा, लांबी अशी की त्यातून परत येणारी लाट नेमकी त्या सुराला मारते. मी कागदावर मांडलं. 300 अंश तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 480 मीटर. त्याला 80 च्या चौपटीने भागलं की दीड मीटर. मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, ‘‘भाऊ, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर किती?’’ 2,390 मिमी. आमच्या खालच्या गर्दीत दीड मीटरचा आणखी एक पाईप. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

20 मेला लोकसभेच्या मतदानाची सुट्टी होती. सकाळी सातला मत देऊन त्र्यंबक रोडला गेलो. रस्ता बऱ्यापैकी मोकळा. मित्राच्या हातात स्टॉपवॉच. तिसरा गिअर, ताशी 40 ते 80, दोन्ही दिशांनी तीन-तीनदा. डबलची सरासरी 9.4 सेकंद. फुटका सायलेन्सर असताना मार्चमध्ये मीच मोजलेली 9.3. अंगठ्याच्या चुकीएवढा फरक. एकवीस हजारांत पॉवर मिळाली नव्हती, हे आता आकड्याने कळलं.

पण माझं मत खऱ्या अर्थाने फिरलं ते पीयूसीच्या टपरीवर. गाडी बीएस-3, म्हणजे धुराच्या जुन्या निकषांची, म्हणून पीयूसी सहा महिन्यांची, आणि ती 25 मेला संपत होती. आदल्या दिवशी गेलो. मुलाने तपासणीची नळी हातात घेतली, मागे आला आणि थबकला. ‘‘दादा, कुठल्यात घालू?’’

मला हसू आलं, पण प्रश्न बिनतोड होता. ती नळी निदान 300 मिमी आत जायला हवी. उजवीकडे गेली. डावीकडे टोकाजवळच बाक असल्याने वीतभर जाऊन अडली. उजवीकडे कार्बन मोनॉक्साइड 0.41 टक्के, डावीकडे 0.26. आमच्या वर्गाच्या गाडीला मर्यादा 0.5, म्हणजे दोन्हीकडे पास. मुलगा म्हणाला, ‘‘डावीकडचाच टाकतो, भारी आलाय.’’ मी नको म्हणालो. एकाच पाईपातून फुटलेल्या धुराचे दोन आकडे कसे? थोडा फरक नळी कमी आत गेल्याचा असेल, पण इतका? डाव्या फाट्यात कुठूनतरी बाहेरची हवा मिसळत होती. धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये बारीक भोकातून हवा आत ओढली जाते. परत सातपूर. मिस्त्रींनी साबणाचं पाणी लावलं, वायच्या खालच्या टाक्यापाशी बुडबुडा आला. त्यांनी कपाळाला हात लावला. महिनाभरात गतिरोधकांनी टाका उकलला होता. त्याच वेळी डावीकडच्या खाचेत बंपरचं प्लॅस्टिक मऊ होऊन ओघळलेलंही दिसलं. पाईप आणि बंपरमध्ये बोटभर तरी जागा हवी, खाली घासून घासून पाईप वर सरकला होता.

त्या रात्री कायदा नीट वाचला. आधी वाचायला हवा होता. मोटार वाहन कायद्याचं कलम 52: उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुरासाठी कलम 190(2): पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. हे फटाके फोडणाऱ्या बुलेटवाल्यांसाठी असतं, असा माझा समज होता. नवीन मोटारींसाठी चालत्या गाडीच्या आवाजाची मर्यादा 74 डेसिबल आहे.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर ॲप घेऊन मोजलं. रीत अशी: टोकापासून अर्धा मीटर, 45 अंशांच्या कोनात, इंजिन जास्तीत जास्त पॉवरच्या आरपीएमच्या पाऊणपटीवर. आमच्यासाठी 4,500. (74 ची मर्यादा या रीतीने मोजत नाहीत, त्यामुळे दोन आकडे शेजारी मांडू नका. ॲपचा आकडा कुठल्या कार्यालयात चालतही नाही. स्वतःला समजण्यापुरता ठीक.) माझी गाडी 98. शेजारच्या काकांची तशीच स्विफ्ट, कंपनीच्या सायलेन्सरवर, 83. दहा डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं. काका म्हणाले, ‘‘आम्हाला रोज पहाटे कळतं तू निघालास ते.’’ रागाने नाही, नुसतं. जास्त लागलं.

15 जूनला परत सिंगल. वायचा फाटा कापला. 48 मिमीचा मधला पाईप आणि त्यातला छोटा रेझोनेटर (आवाज मारणारा लहान डबा) ठेवला, मागे कंपनीचा डबा, मूळच्या जागी, मूळच्या हँगरवर. हँगरची रबरं नवीन घ्या, जुनी ताणलेली असतात आणि ती वाचवून शंभर-दोनशेच वाचतात. डब्याच्या सर्वात खालच्या बिंदूला कंपनीनेच बारीक भोक ठेवलेलं असतं, पाणी गळायला. वेल्डिंग करताना ते बुजणार नाही हे बघा. डबा 3,900, मजुरी 1,400. काढलेला एक डबा टपरीवरच्याच एका मित्राने 1,800 ला घेतला. त्याला मी सगळं सांगितलं होतं. त्याचं उत्तर, ‘‘तुझी बसली नसेल नीट.’’ काढलेला प्रत्येक तुकडा मी मोजून घरी आणला, कॅटला तर हातही लावू दिला नाही.

एकूण हिशेब: 21,000 अधिक 800 अधिक 3,900 अधिक 1,400, वजा 1,800. पंचवीस हजार तीनशे. आवाज 85. तिसऱ्या गिअरची वेळ 9.3.

घुमारा गेला. तो गेल्यावर कळलं, मी दीड महिना रेडिओ लावलाच नव्हता.

आता पुनर्नोंदणी. मुदत संपायच्या आधी 60 दिवसांपासून अर्ज करता येतो, म्हणजे मला 15 जूनच्या सुमारास दार उघडलं होतं. वाट बघू नका. खासगी मोटारीला उशिराच्या प्रत्येक महिन्याला 500 रुपये लागतात. परिवहनच्या संकेतस्थळावर नमुना 25 भरला. मोटारीसाठी शुल्क 5,000 (एप्रिल 2022 पूर्वी हे 600 होतं, जुन्या लोकांच्या सांगण्यावर जाऊ नका). पेट्रोल गाडीचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी 3,000. स्मार्ट कार्ड, टपाल धरून सव्वाआठ हजारांच्या आसपास. एजंट यावर साडेतीन हजार मागत होता. अर्ज भरायला मला दोन संध्याकाळी लागल्या, त्यातली एक मोबाइल क्रमांक जुन्या मालकाचा निघाल्यामुळे गेली. तुमच्या आरसीला कुणाचा क्रमांक जोडलाय ते आजच बघा.

त्याआधीच्या रविवारी गच्चीवरची गोणी खाली आली आणि मूळच्या स्प्रिंगा परत गेल्या. गाडी तीस मिमी उंच झाली. बायको म्हणाली, ‘‘सहा वर्षं जपली म्हणून मिळाली.’’ जपली तिनेच, असा त्याचा अर्थ होता. अलॉयही काढून 14 इंची चाकं मित्राकडून आणून लावली. विमा कंपनीला फोन करून विचारलं. न कळवलेले बदल असतील तर क्लेमच्या वेळी अडचण येऊ शकते, असं उत्तर मिळालं.

8 जुलै, पेठ रोडचं आरटीओ कार्यालय. पावसाची रिपरिप. मूळ आरसी, विमा, पीयूसी, आधार, चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा, पावत्या. रांगेत अर्धा तास उभा राहिल्यावर लक्षात आलं, पर्यावरण कराची पावती ऑनलाइन भरली खरी, पण छापून आणलीच नाही. दोष सर्वस्वी माझा. मोबाइलवर दाखवून भागेल म्हणून बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे गेलो नाही, आणि तोवर नंबर गेला. पुढची तारीख 15 जुलै घेतली.

15 ला अकराच्या आत हजर. गाड्यांची रांग, बहुतेक 2009 च्याच, एकमेकींच्या मैत्रिणी असल्यासारख्या उभ्या. निरीक्षक साहेब आले. चासी नंबर ताडून बघितला, दिवे, हॉर्न, वायपर. मग मागे जाऊन खाली वाकले. माझ्या पोटात गोळा.

‘‘बंपरला ही दुसरी खाच कसली?’’

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. ‘‘साहेब, डबल सायलेन्सर लावला होता. काढला.’’

‘‘चालू करा. रेस द्या.’’

दिली. त्यांनी दोन क्षण ऐकलं, खाली पुन्हा एकदा बघितलं, कागदावर सही केली आणि पुढच्या गाडीकडे गेले. जाता जाता एवढंच म्हणाले, ‘‘चांगलं केलंत.’’ अडीच वाजता मी बाहेर होतो. 2 ऑगस्टला टपालाने कार्ड आलं, नोंदणी 2029 पर्यंत.

पाचशे किलोमीटर झाल्यावर मिस्त्रींकडे जाऊन फ्लँजचे, म्हणजे पाईपच्या जोडाचे, बोल्ट आवळून घेतले. गॅस्केट नवीन असलं की ते थोडं बसतं आणि बोल्ट सैल होतात, हे काम कुणी विसरू नये. पैसे विचारले तर म्हणाले, ‘‘चहा सांगा.’’ तेव्हा मी विचारलं, तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत होतं, तर मला अडवलं का नाही? ते म्हणाले, ‘‘विचारलं होतं ना, डबल कशाला म्हणून. तुम्ही म्हणालात पॉवर. दिसण्यासाठी म्हणाला असतात तर सांगितलं असतं, नुसती क्रोमची चौकट लावा, आत नळी नको. मोठ्या कंपन्याही तेच करतात.’’

बंपरची डावी खाच अजून तशीच आहे. पावसात चाकाने उडालेला चिखल तिथून आत जाऊन बसतो आणि मुलगी त्यात काड्या खोचते. नवा बंपर रंगासकट साडेचार हजार सांगितलाय. दिवाळीनंतर बघू.